डावीकडचा बॉल

ओंडका थप्पीवरून सुटला तेव्हा खाली चार माणसं होती. त्यातली तीन मागे पळाली. तीच शहाण्याची रीत. ओंडका सुटला की आपण बाजूला व्हायचं आणि त्याला जायचं तिकडे जाऊ द्यायचं. लाकूड मालकाचं असतं, पाय आपले असतात. चौथा मात्र पुढे गेला. गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून, डावीकडे अंग टाकून. वीसेक वर्षं त्या अंगाला एकच गोष्ट शिकवलेली होती, की बाजूनं काही वेगानं आलं की त्याच्या आडवं पडायचं. हे लाकूड आहे, चामडं नाही, हे डोक्यात शिरायच्या आत हात जाऊन पोचला होता.

ओंडक्यानं त्याचा डावा पंजा मागे दुमडला, मनगटावरून घरंगळत गेला आणि भिंतीला धडकून थांबला. माणूस भुशात पालथा पडला.

मग दांडग्याला हसू फुटलं.

"अरे गोलक्या, बॉल नव्हता तो!"

"कॉर्नर! कॉर्नर दिला!" दुसरा ओरडला, आणि एकच हशा पिकला.

तर हा गोलकी. वखारीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, म्हणून गोलकी. कुणी लाडात आलं किंवा रागावलं की गोलक्या. खरं नाव त्याच्या बापालाही आता आठवून घ्यावं लागायचं. आणि हसणारा दांडगा म्हणजे टीमचा मागचा बॅक, गोलकीच्या पुढ्यात इतकी वर्षं दारासारखा उभा राहिलेला. मैदानात गोलकीला त्याची पाठ दिसायची आणि वखारीत त्याचं पोट, असं दोघंही सांगायचे.

गोलकी उठला. हसला. अंगावरचा भुसा उजव्या हातानं झटकला.

"लागलं का रे?" दांडग्यानं विचारलं.

"छे! लागतंय काय!"

निघून गेलं तोंडातून. आता सांगा, चारचौघांत हसून मोकळा झालेला माणूस जरा वेळानं परत येऊन म्हणेल का, की बाबांनो, माझं मनगट गेलं वाटतं? एरवी म्हणालाही असता. पण त्या वर्षी नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. आजूबाजूची शेतं उभी जळाली, लोकांनी घरं बांधायची थांबवली, वखारीतला एक आरा बंद पडला. मैदानावरचं गवत मुळासकट गेलं आणि जमीन तव्यासारखी तापून टणक झाली. गोलच्या तोंडाशी वखारीतला भुसा पोत्यानं आणून पसरायचे, गोलकीला पडायला मऊ म्हणून. वारा सुटला की हाफटाइमच्या आत तो भुसा प्रेक्षकांच्या डोळ्यांत.

हंगामाच्या सुरुवातीला मालक मैदानात आला होता. टीम त्याच्या बापानं काढलेली, त्याला स्वतःला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं बुटांनी जमीन टोकरली आणि म्हणाला, "यंदा खालच्या गटात गेलात तर टीम बंद. टीम बंद म्हणजे खेळाडूही बंद. सगळ्यांनी ओझ्याला यायचं. आणि मागच्या खोल्या मला लाकडाला लागतील."

एवढंच बोलून तो गेला. पण खेळाडू असणं म्हणजे काय, ते वखारीत सगळ्यांना ठाऊक होतं. खेळाडूंनी दुपारपर्यंतच यायचं, मोजणीचं, खुणा करायचं हलकं काम करायचं, संध्याकाळी प्रॅक्टिस. खेळाडूंना वखारीच्या मागे राहायला एकेक खोली आणि पडवी. बाकीच्यांनी दिवसभर खांद्यावर लाकूड वाहायचं आणि राहायचं कुठे ते ज्याचं त्यानं बघायचं. शिवाय मधेच जो टीममधून गेला तो खेळाडूंतून गेला, खोलीतूनही गेला. आणि हात मोडका असला तर ओझ्यालाही कोण घेणार?

हे गोलकीला कुणी शिकवायला नको होतं. त्याचा बाप घरातच होता.

*

बायकोनं हात बघितला. मनगट सुजून कोपरापर्यंत काळंनिळं झालं होतं. अंगठ्याच्या मुळाशी बोट लावलं तर गोलकी ओरडला नाही, पण त्याच्या कपाळावर घाम आला.

"दवाखान्यात चला," ती म्हणाली. ती वखारीत खोक्यांना खिळे ठोकायची. काय सरळ आहे आणि काय मोडलंय हे तिला बघून कळायचं.

"वखारीचा डॉक्टर आधी मुकादमाला सांगतो, मग औषध देतो."

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे."

"तो प्लास्टर घालेल. प्लास्टर घालून गोलमध्ये उभा राहू?"

"नका राहू! तो उंट्या बसलाय ना बाकावर दोन वर्षं. राहील की तो उभा."

उंट्या म्हणजे दुसरा गोलकीपर. लांब मानेचा, लांब हातांचा, गोलचा वरचा बार उडी न मारता शिवणारा. गोलकीनं हात मागे ओढून घेतला. बायकोला कळलं, की आपण नको तिथे हात लावला.

पडवीतून आबा आत आले. गोलकीचे वडील. आयुष्य आऱ्यावर काढलेलं, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेले. ते मुलाच्या हाताकडे खूप वेळ बघत राहिले.

"माझी बोटं गेली तेव्हा मालकाचा बाप स्वतः आला होता," ते म्हणाले. "खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काळजी करू नकोस, तू आमचाच. आणि दुसऱ्या दिवशी हातात झाडू दिला. मिस्त्री होतो मी. काल मला मिस्त्री म्हणणारे 'ए म्हाताऱ्या, इथला भुसा राहिला' म्हणायला लागले. म्हातारा नव्हतो रे तेव्हा."

"आबा, हाड आहे ते. असंच राहिलं तर वाकडं बसेल," सून म्हणाली.

"बसू दे. पाच-सहा मॅच राहिल्यात. टीम वाचली की हंगाम संपल्यावर पडला म्हणून सांगू. तेव्हा उपचार होतील, खोलीही राहील." मग मुलाला म्हणाले, "तू फक्त तोंड उघडू नकोस."

खरं सांगायचं तर गोलकीला हेच ऐकायचं होतं. बायकोचं बरोबर होतं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण उंट्याच्या हातात आपले हातमोजे गेले तर ते परत येत नाहीत, हे त्याला त्याहून जास्त कळत होतं. तो स्वतः तसाच आत शिरला होता. त्याच्या आधीच्या गोलकीपरला ताप आला म्हणून एका मॅचला उभा राहिला, आणि तो ताप उतरलेला माणूस नंतर बाकावरच म्हातारा झाला.

वीस वर्षांत त्यानं काय मिळवलं असं विचाराल, तर फारसं काही नाही. लीगचा खालून दुसरा गट. एकदा मोठ्या क्लबनं त्याचा खेळ बघायला बोलावलं होतं. तिथे त्यानं अकरापैकी आठ बॉल अडवले, आणि तिथला माणूस म्हणाला, छान, पण उंची जरा कमी पडते. एवढं सांगायला बोलावलं होतं का, असं तो परतीच्या बसमध्ये स्वतःशी म्हणाला आणि रडला. त्यानंतर नाक दोनदा मोडलं, एक कान बुटानं फाटला, बोटं तर इतक्यांदा निखळली की तो स्वतःच ओढून बसवायचा. पण गावात कुणीही त्याला रस्त्यात ओळखायचं. थप्प्यांवर बसून मॅच बघणारे लोक त्यानं बॉल धरला की लाकडावर मुठी आपटायचे. तो आवाज त्याला आवडायचा. एवढीच त्याची कमाई, आणि ती सोडवत नव्हती.

आबांनी फळीची एक पातळ चीप कापली, काचेनं घासून गुळगुळीत केली. बायकोनं ती तळहाताच्या बाजूनं ठेवून जुन्या चादरीच्या पट्टीनं घट्ट आवळली. वरून मोजा चढवला. बाहेरून काही दिसत नव्हतं.

"मूठ वळते का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग ठोसे मार."

*

दिवस काढणं मॅच काढण्यापेक्षा कठीण होतं. पँटचं बटण एका हातानं लागायचं नाही. बायको लावून द्यायची, आणि लावताना त्याच्याकडे बघायची नाही. टॉवेल पिळता येत नव्हता. टँकर आला की रांगेत सगळे गडी दोन दोन कॅन उचलून न्यायचे. हा एकच न्यायचा, दुसरा बायको. शेजारीण म्हणाली, "काय गं, नवरा लाडावून ठेवलास की! तू ओझं वाहतेस आणि तो मोकळा चालतोय." बायको हसली. घरात येऊन तिनं कॅन इतक्या जोरात आपटला की तेवढ्या कष्टानं आणलेलं पाणी सांडलं.

"सांडलं ना," गोलकी म्हणाला.

"सांडलं! भरून आणा आता, दोन्ही हातांनी!"

मग ती खाली बसून फडक्यानं पाणी टिपत राहिली, आणि तो उभा राहून बघत राहिला. शरमेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वखारीत तो मोजपट्टीचं टोक उजव्या हातानं धरायचा आणि डावा हात खिशात ठेवायचा. मुकादम एकदा म्हणाला, "साहेब झालास की रे, खिशात हात घालून फिरतोस!" हाच मुकादम टीमचा मॅनेजर होता, हाच सिलेक्टर, हाच शिव्या घालणारा. त्यानं गमतीत लाकडाचा एक ठोकळा गोलकीकडे फेकला. गोलकीनं तो उजव्या हातात अलगद झेलला. "वा! एका हातानं!" मुकादम खूश झाला. गोलकीही हसला. अलीकडे तो फार हसायला लागला होता.

प्रॅक्टिसला त्यानं युक्ती काढली. गुडघा दुखतोय म्हणून कडेला उभा राहायचा आणि उंट्याला गोलमध्ये घालायचा. उंट्या बिचारा हरखून जायचा. भुशात आडवा पडून, तोंड माखून उठायचा आणि विचारायचा, "दादा, बरोबर पडलो का?"

"कोपर आधी टेकतोस. मोडेल कधीतरी."

"तुम्ही सांगा ना कसं ते. तुम्ही डावीकडे पडता ते मी घरी रोज करून बघतो. जमतच नाही."

पोरगं मनाचं साफ होतं, त्याच्या डोक्यात काही काळंबेरं नव्हतं. आणि जमत नाही म्हणायचा तरी दहातले सात अडवायचा. गोलकी ते मोजायचा नाही असं ठरवून मोजायचा. सात म्हणजे वाईट नव्हतं. दोन्ही हात धड असलेल्या माणसाचे सात.

पहिली मॅच बाहेरगावी झाली. गोलकीनं एकही बॉल धरला नाही. उजव्या मुठीनं ठोसे मारून सगळे लांब उडवले. दर ठोशाला कळ मात्र डाव्या हातातून मस्तकात जायची, कारण अंग आपटलं की हात आपटायचाच. बरोबरी झाली. पुढची घरच्या मैदानावर, तीही बरोबरी. लोक म्हणाले, गोलकीनं नवी स्टाइल काढली. मुकादमानं पाठ थोपटली. "असाच ठोकत राहा. धरायच्या भानगडीत पडू नकोस!"

तो उभाही नव्या जागी राहायला लागला होता. दोन पावलं डावीकडे सरकून, म्हणजे मारणाऱ्याला उजवीकडचा गोल मोकळा दिसावा आणि त्यानं तिकडेच मारावं. आणि ते मारायचे, आणि हा उजवीकडे झेपावून अडवायचा. तिसऱ्या मॅचमध्ये एक गोल खाल्ला, पण पुढच्यांनी दोन केले. चौथी हरले. शेवटच्या मॅचला बरोबरी केली तरी टीम वाचणार होती.

दांडग्याच्या मात्र लक्षात आलं. इतकी वर्षं एका माणसाला पाठीशी घेऊन खेळलं की मागे न बघताही कळतं. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी तो खोलीवर आला, पडवीत बसला, चहा प्याला, आबांशी पावसाच्या गप्पा मारल्या. मग आबा उठून आत गेल्यावर हळूच म्हणाला, "गोलक्या, हाताला काय झालंय?"

"कुठे काय?"

"तू बॉल धरत नाहीस."

"जमीन बघतोस ना कशी झालीय. टप्पा पडला की बॉल कुठे उडेल नेम नाही. त्यापेक्षा ठोसा बरा."

"आणि दोन पावलं सरकून उभा राहतोस ते?"

"वारा असतो."

दांडग्यानं कप खाली ठेवला. त्याचं तोंड मोठं, आवाज मोठा, पण त्या वेळी तो अगदी खालच्या आवाजात बोलला. "हे बघ. मी कुणाला सांगणार नाही. मुकादमाला नाही, बायकोलाही नाही. हात गेला असेल तर डावीकडचं मी बघतो. तिकडचा एकही बॉल तुझ्यापर्यंत येऊ देणार नाही, मग माझं तंगडं मोडलं तरी चालेल. पण मला माहीत पाहिजे. माझी चार पोरं आहेत त्या खोलीत."

गोलकीची बायको दाराआड उभी होती. आता बोला, आता तरी बोला, असं तिचं मन ओरडत होतं.

गोलकीच्या ओठांवर आलंही होतं. पण त्याला दांडग्याचं पहिल्या दिवशीचं हसू आठवलं. आणि दांडग्याला एकदा कळलं तर तो आपल्या बाजूला सारखा बघत राहील, कीव करत, लहान पोराला रस्ता ओलांडून नेतात तसा; हे त्याला सोसवलं नसतं. दांडग्याच्या मागे तो भिंत म्हणून उभा राहिला होता. भिंतीला टेकू लावायची वेळ आली म्हणून कसं सांगणार?

"काही नाही रे," तो म्हणाला. "तू आपलं तुझं बघ."

"शपथ?"

"अरे, शपथ काय? सांगतोय ना!"

दांडगा उठला. "बरं," म्हणाला. आणि त्याचा विश्वास बसला. हेच वाईट झालं, की त्याचा विश्वास बसला.

*

शेवटच्या मॅचला वखार बंद ठेवली होती. थप्प्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आबांनी सकाळीच पोती ओतून गोलच्या तोंडाशी भुसा पसरला, पायानं दाबून बसवला. बायका छपराखाली उभ्या होत्या. मालक खुर्ची टाकून बसला होता आणि सारखा घड्याळ बघत होता.

पहिल्या अर्ध्यात गोलकी अंगात आल्यासारखा खेळला. एक बॉल बारखालून काढला, एक पायानं, एक छातीवर घेतला. मुठी लाकडावर आपटायला लागल्या. बायकोचा जीव टांगणीला लागला होता, पण तिलाही क्षणभर वाटून गेलं, की निभावलं बहुतेक. हाफटाइमला तो मोजा न काढता पाणी प्याला. चीप मोडली होती, तिचं टोक तळहातात रुतत होतं, आणि मोजा आतून ओला झाला होता. रक्तानं का घामानं, ते त्यानं बघितलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात वारा सुटला. भुसा उडाला, खालची जमीन उघडी पडली. उंट्या बाकावर उभा राहून ओरडत होता, "दादा, थोडंच राहिलंय! थोडंच!"

थोडंच राहिलं होतं खरं. शून्य-शून्य. समोरच्यांचा एक पोरगेला फॉरवर्ड कोपऱ्यातून पळत आला आणि त्यानं गोलकडे बॉल मारला. मारला म्हणजे काय, पाय घसरला त्याचा. बॉलला जोरच नव्हता. जमिनीवरून टप्पे खात, गोलकीच्या डावीकडे, हळूहळू आला. दांडगा तिथेच होता. पाय उचललेलाच होता त्यानं, एक लाथ आणि बॉल थप्प्यांच्या पलीकडे.

आणि गोलकी ओरडला, "सोड! माझा!"

वीस वर्षं असा बॉल आला की तो हेच ओरडत होता. बॅकनं आणि गोलकीनं एका बॉलवर जायचं नाही, म्हणून गोलकीनं ओरडायचं आणि बॅकनं पाय काढून घ्यायचा. ओरड ऐकली की विचार करायचा नाही, असं त्यानंच दांडग्याला शिकवलं होतं. तोंडातून शब्द गेला आणि त्याच क्षणी त्याला आपला डावा हात आठवला. पण दांडग्यानं पाय काढून घेतलेला होता.

गोलकी डावीकडे पडला. बॉल हातावर आला, बरोबर तळहातावर. हात मागे दुमडला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. बॉल त्याच्यावरून चढला, जरासा रेंगाळला, आणि रेषेच्या आत गेला.

दांडगा वाकून बघत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, त्याला कळलंच नव्हतं काय झालं ते. थोड्याच वेळात शिट्टी वाजली. मालक उठला, खुर्ची उचलायला सांगितली आणि निघून गेला.

*

दुसऱ्या दिवशी मुकादमानं टीमच्या माणसांना आवारात उभं केलं. टीम बंद. महिनाअखेर खोल्या रिकाम्या. आजपासून ओझं. "मी काय करू?" तो म्हणाला, आणि नजर चुकवून ऑफिसात शिरला.

कुणीही गोलकीशी बोललं नाही. पण तो ऐकत नाही असं समजून सगळे बोलत होते.

"पोरानं पायानं अडवला असता असा बॉल."

"आणि दांडग्याला सोड म्हणाला. दांडगा मारत होता ना!"

"किती पैसे घेतले असतील?"

"खोली जाणार तरी कसा गप्प आहे बघ. त्याची सोय झाली असणार."

गोलकी ओठ आवळून उभा राहिला. खरं सांगितलं तर हात दिसणार आणि ओझ्यालाही कुणी घेणार नाही. नाही सांगितलं तर विकला गेलेला माणूस. त्यानं दोन्हींचा विचार केला आणि उजव्या खांद्यावर फळ्या घेऊन चालायला लागला. मोडका हात सदऱ्याच्या आत धरून. कुणीतरी मुद्दाम वाटेत ओंडक्याचं टोक ठेवलं. तो पडला, फळ्या विस्कटल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "सोड! माझा!" त्यावर सगळे हसले. दांडगा हसला नाही. त्यानं तोंड फिरवलं, आणि ते जास्त लागलं.

आबा भुसा झाडत होते. त्यांच्यासमोरच कुणी थुंकलं. म्हाताऱ्यानं झाडू टाकला आणि सरळ खोक्यांच्या शेडमध्ये सुनेकडे गेले. "पोरी," ते म्हणाले, "माझं चुकलं. दाखव त्यांना."

बायको हातोडी घेऊनच आली. तिनं ती कुणावर उगारली नाही; हातात राहून गेली होती एवढंच. ती आवाराच्या मधोमध आली, गोलकीचा हात सदऱ्यातून ओढून बाहेर काढला. तो "नको, नको गं" म्हणत होता. तिनं हातोडी खाली टाकली आणि पट्टी सोडायला लागली. चादरीची पट्टी रक्तानं चिकटली होती. ती ओढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोडक्या चिपेचा तुकडा खाली पडला.

"बघा!" ती ओरडली. "विकलं म्हणता ना? हे घ्या, हे घेतलं त्यांनी! माझा माणूस चोर नाही!"

हात उघडा पडला. मनगटावर हाड एका बाजूला वर आलं होतं. पंजा हिरवापिवळा, तळहात सोललेला. अंगठा भलतीकडेच वळलेला.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं. मघाशी हसलेल्यांनी माना खाली घातल्या. उंट्या पुढे आला, त्यानं हात बघितला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "दादा, तुम्ही असे खेळलात?"

गोलकीला हलकं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचं उतरल्यासारखं झालं. कळलं सगळ्यांना. आता नोकरी गेली तरी गेली, चोर तर नाही. त्यानं मान वर केली आणि दांडग्याकडे बघितलं.

दांडगा हळूहळू जवळ आला. त्यानं हाताकडे बघितलं, मग गोलकीच्या तोंडाकडे.

"कधीपासून?"

"थप्पीवरून ओंडका आला ना, त्या दिवसापासून," बायकोनं सांगितलं. तिला वाटलं, हे ऐकून तरी त्याचं मन निवळेल.

"म्हणजे मी विचारायला आलो तेव्हा हात असाच होता."

गोलकीची वर केलेली मान खाली गेली.

"मी तुझ्या दारात येऊन विचारलं, गोलक्या. डावीकडचं मी बघतो म्हणालो. पोरांचं नाव घेतलं." त्याचा आवाज चढला नाही. "मला सांगितलं असतंस तर तू कितीही ओरडला असतास तरी मी पाय काढला नसता."

"मला वाटलं होतं, निभेल..." गोलकी म्हणाला.

"मॅच विकली असतीस तर परवडलं असतं रे. निदान एकाच्या तरी घरात काही आलं असतं."

बायको खाली वाकून पट्टी गोळा करायला लागली. मुकादम ऑफिसच्या दारात येऊन उभा होता, त्यानंही हात बघितला. मग त्यानं टाळी वाजवली. गाडी खाली करायची होती.

माणसं पांगली. दांडगा गाडीजवळ गेला, त्यानं एका ओंडक्याचं टोक खांद्यावर घेतलं. दुसरं टोक खाली टेकलेलं होतं. गोलकी जवळच होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो पुढे झाला आणि वाकून त्यानं उजवा खांदा लाकडाखाली घातला.

"तू नको," दांडगा मागे न बघता म्हणाला.

गोलकी वाकलेलाच राहिला.

"उंट्या," दांडग्यानं हाक मारली, "इकडे ये. धर हे."

उंट्या घुटमळला. त्यानं एकदा गोलकीकडे बघितलं, मग आला. गोलकीनं खांदा काढून घेतला आणि त्याला जागा करून दिली. दोघांनी ओंडका उचलला आणि आऱ्याकडे चालायला लागले.